चालू, बंद आणि मधले बरेच काही

पडवीतल्या जिन्याखालच्या भिंतीवर २०१६च्या सप्टेंबरपासून साडेसात वर्षे एक राखाडी पेटी गुणगुणत होती. सकाळी ऊन शेजारच्या दुमजली घरावरून पुढे सरकले की तिच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येई आणि मग ती घुमू लागे. दुपारी तो घुमार चढे, संध्याकाळी उतरत उतरत विरून जाई. सासूबाईंना घड्याळाचे काटे नीट दिसेनासे झाल्यापासून त्या या आवाजावर दिवस मोजत असत. ‘टक्’ झाले की म्हणत, “आला गं कामावर,” आणि हे त्या सूर्याबद्दल म्हणत की पेटीबद्दल, ते मी कधी विचारले नाही. आता त्याच भिंतीवर पांढऱ्या रंगाची, पंखा नसलेली, निम्म्या जाडीची दुसरी पेटी आहे. ती गुणगुणत नाही.

ओळखीतले लोक विचारतात, की छतावरची सौर पॅनेल तीच ठेवून नुसता इन्व्हर्टर, म्हणजे ही पेटी, बदलला, तर एवढे काय वेगळे झाले? विकणारे या प्रश्नाला पेटीवरच्या लेबलाने उत्तर देतात: कार्यक्षमता पूर्वी ९३ टक्के, आता ९७ टक्क्यांच्या पुढे. लेबल खोटे नाही. पण गेली दोन वर्षे रोज संध्याकाळी त्या पेटीचे आकडे वहीत उतरवताना मला जाणवलेला फरक निराळाच आहे. जुन्याला दोनच शब्द येत होते, चालू आणि बंद. नव्याला या दोन शब्दांच्या मधले बरेच काही येते.

वहीचे आधी सांगते. बँकेत हिशेब विभागात नोकरी केल्यामुळे नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तारीख, त्या दिवशीचे युनिट आणि शेरा असे तीन रकाने आखून मी पहिल्या दिवसापासून लिहीत आले. जुन्या पेटीवर दोन ओळींचा हिरवा पडदा होता आणि तो पॅनेलच्याच विजेवर चाले, त्यामुळे अंधार पडण्याआधी आकडा टिपला नाही तर पडदा विझून जाई आणि तो दिवस दुसऱ्या सकाळपर्यंत कोरा राही. लग्नकार्याहून धावतपळत घरी येऊन आकडा टिपल्याच्या आठवणी आहेत, आणि त्यावरून घरात झालेली माझी चेष्टाही आहे.

आमच्या पिढीला ‘इन्व्हर्टर’ हा शब्द भारनियमनाने शिकवला. २००५ नंतरच्या त्या वर्षांत घरोघरी पलंगाखाली किंवा गॅलरीत एक पेटी आणि एक जाडजूड बॅटरी आली. बॅटरीत दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरायचे, ते सांडून फरशीवर पांढरे डाग पडायचे. स्वस्तातल्या पेट्यांची वीज लाटेसारखी न येता चौकोनी ठोक्यांनी येई, म्हणून पंखा ‘घूं’ करत फिरे. छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर नावाने तोच असला तरी त्याचे मूळ काम वेगळे. पॅनेलमधून येणारी एकदिश वीज घ्यायची, तिची २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची लाट करायची आणि ती लाट महावितरणच्या तारेतल्या लाटेशी तंतोतंत जुळवून तिच्यात सोडायची. रंगलेल्या भजनात मागून येऊन बसणारा टाळकरी जसा आधी ठेका ऐकतो, मग टाळ उचलतो, तसे हे काम आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि घरात न लागलेली वीज तारेत देऊन बिलातून वळती करून घेण्याची सोय झाली. आम्ही त्या पहिल्या काही घरांपैकी होतो. अडीचशे वॅटची बारा पॅनेल, म्हणजे तीन किलोवॅट, आणि ही पेटी.

२०२४च्या मार्चमध्ये एका दुपारी घुमार थांबला आणि तांबडा दिवा लागला. इन्व्हर्टर बघायला येणाऱ्या मुलाने झाकण उघडले, तेव्हा आत पंख्याच्या जाळीत साडेसात वर्षांची धूळ कापसासारखी बसली होती, आणि हिरव्या कार्डावर एक पाल, वाळून कागदासारखी झालेली, दोन टोकांना चिकटून पडली होती. पण पेटी पालीने मारली नव्हती. त्याने बोटाने दाखवले, कार्डावर उभ्या असलेल्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरपैकी चारांची डोकी फुगून वर आली होती. आत द्रव असलेले हे कपॅसिटर उष्णतेने आटत जातात, आणि ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. धुळीने पंखा गुदमरला, पंख्यामुळे कपॅसिटर तापले. “काकू, याच्यावर आता खर्च करू नका,” तो म्हणाला. “दोनदा केलाच आहे तुम्ही.” खरेच केला होता, शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही रकमा आहेत.

पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते आणि इन्व्हर्टरची पाच ते दहा, तेव्हा पॅनेलच्या एका आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागणार, हे घेतानाच धरून चालायला हवे. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

जुनी पेटी भिंतीवरून उतरवायला दोघे लागले. नवी त्या मुलाने एकट्याने उचलून हुकांत अडकवली. वजनातला फरक मुख्यतः एका वस्तूचा आहे, ट्रान्सफॉर्मरचा. जुन्या पेटीत लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला मोठा ठोकळा होता, आणि गुणगुण त्याचीच होती. पन्नास आवर्तनांच्या विजेत लोखंड सेकंदाला शंभरदा कंप पावते, तो हा आवाज. नव्यात हा ठोकळाच नाही. पॅनेलच्या विजेचे व्होल्टेज आधी वेगाने उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खटक्यांनी हवे तेवढे चढवले जाते आणि मग थेट लाट घडवली जाते. अलीकडे हे खटके साध्या सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचेही असतात. ते कमी तापतात, म्हणून पंखा न लावता नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पेटी थंड राहते आणि चारी बाजूंनी बंद करता येते. पालीला आता वाट नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या खर्चाची गंमत हिशेब करणाऱ्याला चटकन कळेल. त्यातला काही तोटा कामाबरोबर वाढत जातो, पण काही तोटा दुकानाच्या भाड्यासारखा असतो. गिऱ्हाईक आले न आले, भाडे चुकत नाही. भर उन्हात दोन-अडीच हजार वॅट वाहत असताना ते भाडे जाणवत नाही. जुलैच्या ढगाळ दुपारी दीडशे वॅट येत असतील, तर त्यातले बरेच भाड्यातच जातात. म्हणूनच लेबलवरचा सर्वोच्च टक्का फसवा असतो आणि युरोपात इन्व्हर्टरची कार्यक्षमता वेगवेगळ्या भारांवर मोजून भारित सरासरी काढायची पद्धत पडली, ज्यात निम्म्या भाराला सर्वांत जास्त, ४८ टक्के वजन आहे आणि पूर्ण भाराला फक्त २० टक्के. साताऱ्यात पावसाळ्याचे चार महिने निम्मा भारसुद्धा चैन वाटते. माझ्या वहीत जुन्या पेटीच्या सगळ्या मे महिन्यांची सरासरी दिवसाला १३ युनिट आहे, नवीची १३.७. जुलैची मात्र ६.१ वरून ६.८ झाली. म्हणजे उन्हाळ्यात वाढ पाच टक्क्यांची आणि पावसाळ्यात अकराची. ढग दरवर्षी सारखे नसतात आणि दोन वर्षांवरून सरासरी काढणे हिशेबनीसाला शोभत नाही, हे मान्य. पण पॅनेल याच काळात म्हातारी झाली आहेत, हेही त्याच पारड्यात टाकायला हवे.

सगळी वाढ ट्रान्सफॉर्मर गेल्यामुळे झाली असेही नाही. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, आणि साडेतीननंतर तिची सावली टोकाच्या दोन पॅनेलांवर पडते. जुन्या पेटीत बाराही पॅनेल एकाच माळेत ओवलेली होती. स्लॅब टाकताना घमेली पुढे देणाऱ्यांची रांग असते, तीत एक जण दमला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्यावर येतो, तसे माळेत सावलीतल्या पॅनेलचे होते. दमलेल्याला बाजूला काढून रांग पुढे नेण्यासाठी प्रत्येक पॅनेलच्या पाठीला डायोड असतात, साधारण तीन. पण त्यांचा फायदा घ्यायचा तर इन्व्हर्टरला व्होल्टेज खाली आणून नवे ठिकाण शोधावे लागते, आणि आमची जुनी पेटी इथेच चकत होती.

हे शोधणे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. कोणत्या व्होल्टेजला पॅनेलमधून सर्वांत जास्त वॅट निघतील, हे ऊन आणि तापमान यांवर क्षणोक्षणी बदलते, म्हणून इन्व्हर्टर सतत चाचपत असतो. एक पाऊल टाकायचे, वॅट वाढले तर त्याच दिशेने पुढे, कमी झाले तर मागे. दाट धुक्यात अजिंक्यताऱ्यावर चढणारा माणूस पायाखालच्या चढावर विसंबून जसा वर जाईल, अगदी तसे. एकच शिखर असेल तोवर ही युक्ती अचूक आहे. सावली पडली की व्होल्टेज आणि वॅट यांच्या वक्राला दोन-तीन टेकाडे येतात, आणि धुक्यातला माणूस पहिल्याच टेकाडावर पोचून चारी बाजूंना उतार लागला म्हणून किल्ला सर केल्याच्या समाधानात बसतो. आमची जुनी पेटी रोज साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत अशी समाधानात बसत असे. नवी पेटी ठरावीक वेळाने व्होल्टेजचा पूर्ण पट्टा एकदा धुंडाळून येते. शिवाय तिला दोन स्वतंत्र माळा जोडता येतात. आता सात पॅनेल एका माळेत आणि टाकीकडची पाच दुसरीत आहेत, त्यामुळे सावलीचा तोटा पाचांतच राहतो. पाच पॅनेलांचे दीडशे व्होल्ट जुन्या पेटीला पुरलेच नसते.

तरीही मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल छताच्या बाजूचा नसून तारेच्या बाजूचा आहे.

आमचे घर गल्लीच्या शेवटी, रोहित्रापासून सर्वांत लांब. २०२२च्या सुमारास गल्लीत आणखी पाच-सहा छपरांवर पॅनेल आली. दुपारी घरोघरी वापर कमी, छपरांवर वीज भरपूर, आणि ती सगळी बारीक तारेतून उलटी रोहित्राकडे जाऊ लागली की तारेच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज चढते. मीटरवर मी २५५ पाहिले आहे. जुन्या पेटीला एक मर्यादा ठाऊक होती; ती ओलांडली की ती तुटून जाई, पाच मिनिटे थांबे, पुन्हा जोडून घेई, आणि पुन्हा तुटे. रविवारी दुपारी जेवणानंतर पडवीत बसले की हे ऐकू येई: टक्, घुमार, दीड मिनिट, टक्, शांतता. भर उन्हात, वर्षातल्या सर्वांत चांगल्या दिवशी. शेऱ्याच्या रकान्यात त्या काळात ‘व्हो. जास्त’ इतक्यांदा आले आहे की पुढे मी नुसते ‘व्हो.’ लिहू लागले. सासूबाईंचे निदान सोपे होते: “आज रविवार. त्याचीही सुट्टी.”

२०२४च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचे लक्ष्य ठरले, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले, आणि गल्लीतली छपरे भराभर निळी झाली. जुनी पेटी असती तर तिला आता रविवारच्या जोडीला शनिवारचीही सुट्टी मिळाली असती. नवी पेटी व्होल्टेज चढू लागले की आधी प्रवाहाची लाट व्होल्टेजच्या लाटेशी किंचित मागेपुढे सरकवून ते थोडे खाली ओढते. तेवढ्याने भागले नाही तर आपले वॅट हळूहळू कमी करते, २४००चे २०००, २०००चे १७००, आणि तिथे तग धरून राहते. १७०० हे २४०० नव्हेत, पण शून्यही नव्हेत. हे आपोआप होते असे मात्र समजू नये. बसवणाऱ्याने ते सेटिंग चालू करावे लागते, आणि आमच्याकडे पहिले तीन आठवडे ते बंदच होते.

असा समंजसपणा घरगुती इन्व्हर्टरमध्ये येण्यात जर्मनीतल्या एका अडचणीचाही हात आहे. तिथे जुना नियम असा होता, की तारेतली वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, ५०वरून ५०.२ हर्ट्झवर गेली की सौर इन्व्हर्टरने ताबडतोब बंद व्हायचे. छपरांवर थोडी पॅनेल होती तोवर हा नियम निरुपद्रवी होता. मग पॅनेल लाखोंनी वाढली, आणि लक्षात आले की वारंवारता त्या आकड्याला टेकली तर हजारो मेगावॅट एकाच क्षणी नाहीसे होतील. युरोपच्या जोडलेल्या जाळ्यात अचानक तुटीसाठी राखून ठेवलेली ताकद ३,००० मेगावॅटची होती, आणि ही तूट तिच्यापेक्षा मोठी ठरली असती. प्रत्येक पेटी नियमाप्रमाणे वागत होती आणि म्हणूनच सगळ्या मिळून धोका झाल्या होत्या. २०१२ मध्ये तिथे कायद्याने तीन लाखांहून अधिक जुन्या संचांत बदल करून घ्यायचे ठरले, आणि नव्या पेट्यांना ५०.२ च्या पुढे एकदम तुटण्याऐवजी पायरीपायरीने उतरायला शिकवले गेले. आमच्या पडवीतली पेटी रविवारी दुपारी जे करते, त्याचे कूळ या प्रकारात आहे.

वीज जाण्याचा विषय राहिला. जुनी पेटी बसवल्यावर आम्हाला बसलेला पहिला धक्का तोच होता. एप्रिलच्या दुपारी बाराला वीज गेली आणि पेटीही गेली. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “वर एवढं ऊन पडलंय, आणि खाली पंखा नाही? मग कशाला मांडलंय हे?” कारण रास्त होते: महावितरणचा माणूस तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला असताना एखाद्या छपरावरून तीत वीज येता कामा नये, म्हणून तारेतली लाट थांबली की इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यायचे. पण कारण पटले म्हणून उकाडा कमी होत नाही. नवी पेटी हायब्रिड प्रकारची आहे. वीज गेली की ती तारेपासून तुटते, ते तुटायलाच हवे, पण घरातल्या ठरावीक जोडण्यांना बॅटरी आणि पॅनेल यांवर वीज देत राहते. त्यासाठी दिवे, पंखे, फ्रिज आणि सासूबाईंच्या खोलीची वायर वेगळी काढून घ्यावी लागली. गिझर आणि पाण्याची मोटर मुद्दाम बाहेर ठेवली. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, पाच युनिटांची. पलंगाखालच्या जुन्या बॅटरीतली निम्मी वीजच काढणे शहाणपणाचे असे, हिच्यातली ८०-९० टक्के काढता येते आणि पाणी भरावे लागत नाही. महाग आहे. ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते त्यांनी केवळ हौसेखातर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तक्रार. पहिल्याच पावसाळ्यात, जुलैच्या एका सकाळी, नव्या पेटीने चालू व्हायला नकार दिला. मोबाइलवर संदेश आला की इन्सुलेशन रोध कमी आहे. साडेदहाला ऊन पडल्यावर ती आपली आपण सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. ट्रान्सफॉर्मर होता तेव्हा छतावरची वीज आणि तारेतली वीज यांच्यात त्या ठोकळ्याचा आडपडदा होता. तो काढून टाकल्यावर नव्या पेटीला रोज सकाळी जोडून घेण्यापूर्वी पॅनेलच्या तारांतून कुठे जमिनीकडे गळती आहे का, हे मोजावेच लागते, आणि असली तर थांबावे लागते. मी त्या मुलाला फोन करून सुनावले, की साडेसात वर्षांत जुन्याने असला नखरा एकदाही केला नव्हता. तो गच्चीवर चढला, टाकीजवळचा एक जोड उघडून खाली घेऊन आला आणि माझ्या हातावर ठेवला. आत पाणी होते, आणि तांब्याच्या टोकाला हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. “हे यावर्षीचं नाही, काकू,” तो म्हणाला. “हे चार-पाच पावसाळ्यांचं आहे.” जोड बदलल्यावर संदेश बंद झाला. मी शेऱ्यात तारीख घातली आणि सुनावलेले शब्द मनातल्या मनात परत घेतले.

सगळे शब्द मात्र घेतले नाहीत. जुनी पेटी बिघडली तर औद्योगिक वसाहतीतला एक कारागीर दोन दिवसांत सुटा भाग बदलून देत असे. ही चारी बाजूंनी बंद, बिघडली तर अख्खी पेटी कंपनीकडे जाणार. आकडे आता मोबाइलवर मिनिटामिनिटाला दिसतात, अंधार पडला तरी पुसले जात नाहीत, पण ते आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जाऊन मगच मला दिसतात, आणि इंटरनेट बंद पडले की माझ्याच भिंतीवरची पेटी मला अनोळखी होते. वही मी म्हणूनच बंद केलेली नाही.

सासूबाईंचे काय, हा प्रश्न उरला होता. मोबाइलचा त्यांना उपयोग नव्हता आणि घुमार तर गेला. काही दिवस त्या सकाळी पडवीत नुसत्या बसत. मग एक दिवस त्यांनीच मला बोलावून सांगितले, की हाही ‘टक्’ करतो, फक्त हळू करतो आणि दोनदा करतो. मी दुसऱ्या सकाळी शेजारी बसून ऐकले, खरेच होते. दोनदा का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, पहिल्यांदा तो स्वतःचेच खटके तपासून बघतो, आणि सगळे ठीक असेल तर दुसऱ्यांदा जोडून घेतो.

“म्हणजे पहिला नुसता बघून जायचा?”

“हो.”

तेव्हापासून त्या पहिल्या ‘टक्’ला काही बोलत नाहीत.